पहिले तीन नग

“साहेब, जरा थंड होऊ द्या की,” मधाळे म्हणाला.

जॉब, म्हणजे कातून काढलेला पंपाचा भाग, माझ्या हातात होता. नुकताच मशीनवरून उतरलेला, बिडाचा, चांगला अडीच किलो वजनाचा. फडक्यात गुंडाळून धरला होता तरी हाताला चटका बसत होता. मे महिना, दुपारचे साडेबारा आणि डोक्यावर पत्रे. मी गेज बोअरमध्ये, म्हणजे मधल्या भोकात घातलं, मागेपुढे हलवलं आणि आकडा वाचला.

“चाळीस मायक्रॉन मोठा आहे.”

“गरम हाय न्हवं. मी गरममधी चाळीसलाच सोडतो. थंड झाला की बाराला येऊन बसतोय बघा.”

“मर्यादा तीसची आहे.”

“ते म्हाईत हाय मला. निस्तं तासभर थांबा साहेब.”

“मधाळे, गेज दाखवतं ते मी लिहिणार. माझ्या मनाचं काही लिहिणार नाही.”

हे वाक्य मी मोटरसायकलवरून येतानाच जुळवून ठेवलं होतं. म्हणताना ते मला फार छान वाटलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

या गोष्टीला सतरा-अठरा वर्षं झाली. आमची कंपनी कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत पंप बनवायची आणि मी तिथं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. खाजगी कंपन्यांतही आरक्षण आणायचं का, अशी तेव्हा पेपरात रोज चर्चा चाललेली. सरकारनं कायदा करायच्या आत आपणच काहीतरी करून दाखवावं म्हणून बऱ्याच कारखानदारांनी मुंबईला एका सभेत एका कागदावर सह्या केल्या. त्यात आमचे मालकही होते. मागास समाजातल्या मुलांना नोकरीत घेऊ, त्या समाजातल्या छोट्या कारखानदारांकडून माल घेऊ, असं त्या कागदात होतं. मालक सही करून परत आले आणि तो कागद परचेस मॅनेजर इनामदारसाहेबांच्या टेबलावर येऊन पडला.

इनामदारसाहेबांनी अर्ज मागवले. सात आले. त्यातले सहा कागदपत्रांतच गळाले. कुणाकडे तीन वर्षांची उलाढाल नव्हती, कुणाचा शेड भाड्याचा होता. राहिला एकटा यशवंत मधाळे. अठरा वर्षं एका कारखान्यात टर्नर म्हणून घासलेला माणूस. मागासवर्गीयांसाठी राखून ठेवलेल्यांपैकी एक प्लॉट मिळाला तशी त्यानं नोकरी सोडली, एक जुनं लेथ मशीन घेतलं आणि स्वतःचा शेड टाकला. त्याच्या कागदांत खोट सापडेना. मग असं ठरलं की कंपनीच्या माणसासमोर त्यानं पंपाच्या बेअरिंगची तीन हाउसिंग काढून दाखवावीत. ओतलेलं कच्चं कास्टिंग आमचं, त्यावरचं मशीनिंग त्याचं. पास झाली तर महिन्याला तीनशे नगांचं काम. नापास झाली तर दोन वर्षं नाव यादीतून बाद. त्याच्याकडे दुसरं काम जवळजवळ नव्हतंच, हे मी अर्जात वाचलं होतं. म्हणजे तीन नगांवर त्याचा कारखाना राहणार की जाणार ते ठरणार होतं, आणि ठरवणारा मी होतो.

“कुरणे, तुम्हीच जा,” इनामदारसाहेब म्हणाले. “काटेकोर माणूस पाहिजे तिथं.”

मी फुगलो. बारा वर्षांत त्यांनी माझं नाव घेऊन काम सांगितल्याची ती पहिलीच वेळ होती.

मीही मधाळेच्याच समाजाचा. कंपनीत ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे, म्हणजे माझ्यासमोर बोलत नसे. मी अप्रेंटिस म्हणून आलो, नोकरी सांभाळून डिप्लोमा केला आणि हातात गेज मिळवलं. माझ्यासाठी कुणी खुर्ची राखून ठेवलेली नव्हती. तरी मी इन्स्पेक्टर झालो त्या आठवड्यात स्टोअरमध्ये कुणीतरी म्हणालंच, “कोट्यातनं आलाय.” आमच्या कंपनीत कोटा नावाची चीजच नव्हती! पण म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार. तेव्हापासून इतर लोक जे माप एकदा घ्यायचे ते मी तीनदा घ्यायला लागलो.

आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये आमच्याच खात्यातल्या चौगुलेनं ताटावरून मान वर करून विचारलं होतं, “काय कुरणे, उद्या घरचं कार्य म्हणे!”

सगळे हसले. मीही हसलो. अशा वेळी हसायचं असतं हे मी फार लवकर शिकलो होतो. पण घरी गेल्यावरही ते डोक्यातून जाईना. उद्या मधाळेचे जॉब पास झाले तर टेबलाटेबलावर काय बोललं जाईल ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. तपासणीच्या दिवशी अकरा वाजता मी शेडवर पोचलो तो असा तयार होऊन.

मधाळे दारातच उभा होता. पंचेचाळिशीचा, ठेंगणा, अंगात इस्त्रीचा शर्ट, पण नखांत जुनं ऑइल. माझी गेजची पेटी उतरवून घ्यायला तो पुढं आला.

“जय भीम, साहेब.”

“नमस्कार,” मी म्हणालो आणि पेटी माझी मीच उतरवली.

त्याचा हात जरा वेळ तसाच पुढं राहिला. मग त्यानं तो पँटीला पुसला आणि मला आत नेलं.

शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि एक लोखंडी टेबल. खालचा कोबा झाडून त्यावर पाणी मारलेलं होतं. माझ्यासाठी शेजारच्या कारखान्यातून खुर्ची मागून आणली होती. तिच्या पाठीवर त्या कारखान्याचं नाव होतं. मधाळेची बायको सुलोचना कोपऱ्यात कानस घेऊन कास्टिंगच्या कडा घासत बसली होती. तो सगळा कारखाना ती दोघंच चालवायची. मला पाहून ती उठली आणि तांब्या-पेला घेऊन आली.

“नको,” मी म्हणालो.

“उन्हाचं आलाय भाऊ, घोटभर तरी घ्या.”

“माझ्याजवळ बाटली आहे.”

तिनं तांब्या टेबलावर ठेवला. जायला वळली आणि थांबून म्हणाली, “कुरणे म्हंजे हातकणंगल्याकडचं व्हय तुमी? माझी धाकटी मावशी कुरण्यांच्यात दिलीया.”

आमचं गाव हातकणंगल्यापासून चार किलोमीटरवर आहे. तिची मावशी कदाचित माझ्या चुलत्याच्या घरात असेल. मी पेटीची कडी काढत म्हणालो, “आडनावं काय, सगळीकडं असतात.”

मधाळेनं बायकोकडं पाहून मान हलवली. ती परत कानस घेऊन बसली. मला ओशाळल्यासारखं झालं, आणि एकदाचा सुटलो असंही वाटलं.

“करा सुरू,” मी म्हणालो.

मधाळेनं मशीन सुरू केलं. ते जुनं होतं, रंग उडालेला होता, पण चालताना आवाज एकसारखा येत होता. मी बारा वर्षं मशीनच्या आवाजात घालवली होती. हात कुणाचा कसा आहे ते मला न बघता कळायचं. हा हात चांगला होता. बीड कोरडंच कापतात, पाणी सोडत नाहीत, त्यामुळे जॉब तापतो. मधाळे शेवटचा काप घेताना श्वास धरून उभा राहिला आणि चाक दोन बोटांनी असं काही फिरवलं की मी खुर्चीवरून पुढं झुकलो. मग आठवण झाली आणि मागे टेकून बसलो.

बोअर बहात्तर मिलिमीटरचा. त्यात बेअरिंग बसतं. बहात्तरच्या वर तीस मायक्रॉनपर्यंत चालतं, त्याच्या पुढं गेलं की नापास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपला एक केस साठ-सत्तर मायक्रॉन भरतो. एवढ्या बारीक मापात जॉब गरम की गार यानं मोठा फरक पडतो. लोखंड तापलं की फुगतं, हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं.

पहिला नग चाळीस. दुसरा एकेचाळीस. तिसरा परत चाळीस.

“बघा, तिन्ही सारखंच,” मधाळे म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. “थंड झालं की अकरा-बारा. माझा अठरा वर्षांचा अंदाज हाय साहेब, चुकायचा न्हाई.”

“अंदाजावर पास करत नाही आम्ही.”

“मग मोजूनच करा. निवल्यावर मोजा. तवर जेवून घेऊ.” त्यानं मागच्या बाजूला हात केला. तिथं स्टोव्हवर पातेलं झाकून ठेवलेलं होतं. कोंबडीच्या रश्शाचा वास मला आल्यापासून येत होता. “सुलोचनानं सकाळीच केलंय.”

“जेवण नको.”

“चार घास खावा की भाऊ,” कोपऱ्यातून सुलोचना म्हणाली. “भाकरी गरम गरम थापते.”

“नको म्हटलं ना.”

मधाळे जरा घुटमळला. “मिरज्यांच्यात इन्स्पेक्शनला गेलं की साहेब तितंच जेवत्यात असं ऐकलं, म्हणून केलं. दुसरं काय न्हाई.”

मिरजे हे आमचे जुने पुरवठादार. ऐकलं ते खरं होतं.

“तिथलं वेगळं आहे,” मी म्हणालो.

काय वेगळं आहे, ते त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. मी फॉर्म काढला, तीन आकडे लिहिले आणि खाली ‘नापास’ लिहून सही केली. पुरवठादाराचीही सही लागते. मी पेन पुढं केलं. मधाळेनं फॉर्म सगळा वाचला, अगदी वरच्या छापील पत्त्यापासून.

“साहेब, तुमच्यात थंड खोली हाय. हे नग घेऊन जावा आणि उद्या परत एकदा मोजा. एवढंच म्हणणं हाय माझं.”

“बघू.”

त्यानं सही केली, तिन्ही जॉब पुसून पोत्यात बांधले आणि माझ्या गाडीला मागं नीट आवळून दिले. रस्त्यानं मला फार हलकं वाटत होतं. आपल्या माणसाला सूट दिली, असं आता कुणाच्या बापाला म्हणता येणार नव्हतं.

चारच्या सुमारास मी रिपोर्ट इनामदारसाहेबांच्या समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

“तिन्ही?”

“तिन्ही, साहेब.”

“वाईट वाटतं हो. पण बरं केलंत. पंप शेवटी चालला पाहिजे.” त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. त्यांच्या केबिनमध्ये बसून मी चहा घेतल्याचीही ती पहिलीच वेळ होती. कॅन्टीनमध्ये चौगुले भेटला, त्यानं पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “मानलं कुरणे तुला!” मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चांगला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी आमच्या मापनाच्या खोलीत गेलो. तिथं बाराही महिने एसी चालू असतो, वीस अंश. मधाळेचे तीन नग रात्रभर दगडी टेबलावर पडून होते. नियमाप्रमाणे ते लेबल लावून रॅकवर टाकायचे होते. मी लेबलं लिहिली. मग गेज हातात घेतलं.

अकरा. बारा. अकरा.

गेज पुन्हा मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कड्यावर लावून तपासलं आणि परत मोजलं. अकरा, बारा, अकरा. खोलीत कुणी नव्हतं. मी स्टुलावर बसलो.

मिरज्यांच्यात जाताना मी नेहमी बाराच्या सुमारास पोचायचो. जॉब मशीनवरून निघायचा, मिरजे म्हणायचे, “चला साहेब, आधी जेवण, मग तुमचं मोजमाप.” त्यांच्या गाडीतून हायवेवरच्या खानावळीत जायचं, तांबडा-पांढरा रस्सा चापायचा, पान खायचं, दीड-दोन तासांनी परत यायचं. तोवर जॉब टेबलावर पंख्याखाली निवून बसलेला असायचा. ‘थांबा, थंड होऊ द्या’ असं तिथं मला कधी कुणाला म्हणावंच लागलं नव्हतं, आणि तो वेळ मी कुणाला सूट म्हणून देतोय असं माझ्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि मधाळेकडं मी पाणीसुद्धा प्यायलो नाही. गावात आमच्या आज्याला वरून ओंजळीत पाणी वाढायचे, ते सांगताना म्हातारा रडायचा. मी त्याचा नातू, आणि सुलोचनाचा तांब्या मी टेबलावर तसाच ठेवून आलो होतो. माझी मलाच शिसारी आली.

मी तिन्ही नग ट्रेमध्ये घातले आणि इनामदारसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

“साहेब, माझी चूक झाली. जॉब गरम होते. आता मोजले, तिन्ही पास आहेत. रिपोर्ट बदलून देतो.”

त्यांनी ट्रेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दार लावून घ्यायला सांगितलं.

“कुरणे, रिपोर्ट कालच मुंबईला गेला, त्या सह्या घेणाऱ्या सभेवाल्यांकडं.”

“दुसरा पाठवू. मी लिहून देतो.”

“काय लिहाल? बारा वर्षांच्या इन्स्पेक्टरनं तापलेला जॉब मोजला म्हणून? काल शिकाऊ आलेला पोरगाही असं करत नाही.” ते चिडले नव्हते. ते कधीच चिडायचे नाहीत. “पुढच्या महिन्यात तुमच्या सीनियरच्या बढतीचं निघतंय. मीच नाव दिलंय. त्या कागदाला हा कागद जोडायचा का?”

मी ट्रे टेबलाच्या कडेला ठेवला.

“आणि दुसरं असं बघा,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले. “कालच्या पत्रात मी स्पष्ट लिहिलंय. तपासणी आमच्याकडच्या त्याच समाजाच्या अधिकाऱ्यानं केली आहे, त्यामुळे अन्याय झाला असं म्हणायला जागा नाही. चौगुलेला पाठवलं असतं तर उद्या मोर्चा आला असता. तुम्हाला पाठवलं त्याचं कारणच ते. आता तुम्हीच उलटं लिहून दिलंत तर काय म्हणतील? काल नापास, आज पास, रात्रीत कुणी भेटून गेलं का?”

तेव्हा मला कळलं की ते मला काटेकोर म्हणाले ते काय होतं. काटेकोर चौगुलेही होता. माझं आडनाव तेवढं त्याच्याकडं नव्हतं.

“मग त्या माणसाचं काय, साहेब?”

“दोन वर्षांनी अर्ज करू दे की परत. कोण नको म्हणतंय?”

मी ट्रे उचलला. खोलीत आलो, तिन्ही नगांना नापासाची लाल लेबलं बांधली आणि रॅकवर ठेवली. कुणी माझा हात धरला नव्हता. नोकरी गेली नसती, फार तर बढती हुकली असती आणि चार दिवस कॅन्टीनमध्ये हसू झालं असतं. मला त्या चार दिवसांची भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी मधाळेचा फोन आला.

“साहेब, पत्र मिळालं. तक्रार न्हाई माझी. निस्तं एक विचारायचं हुतं. थंड खोलीत मोजला का परत?”

मला अजूनही तो प्रश्न ऐकू येतो. किती सरळ विचारलं होतं त्यानं.

“मोजला,” मी म्हणालो.

“किती आला?”

“मोठाच आहे. पस्तीसच्या वर.”



“असं कसं झालं म्हणायचं?”

“मशीन जुनं आहे तुमचं. स्पिंडल हलत असेल.” स्पिंडल म्हणजे लेथचा मुख्य दांडा, जॉब त्याच्यावर फिरतो. तोंडाला आलं ते बोललो मी.

“मला कसं उमगलं न्हाई मग?”

“रोज ऐकून कानाला सवय होते.”

“व्हय,” तो म्हणाला. “ते बी खरंच. सांगितलंसा ते बरं झालं. खोलून बघतो.”

जूनमध्ये माझी बढती झाली. केबिन नाही, पण काचेच्या आडोशाचं टेबल मिळालं. हाउसिंगचं काम मिरज्यांच्या पुतण्याकडं गेलं. मागास समाजाच्या उद्योजकांना संधी देण्यासाठी कंपनीनं प्रयत्न केला, असं वार्षिक अहवालात दोन ओळींत आलं. सात अर्जांचा आकडाही होता त्यात.

ऑगस्टच्या शेवटी एके दिवशी दुपारी गेटवरून फोन आला. मधाळे नावाचा कोणी माणूस आलाय, काहीतरी अवजड घेऊन, तुमचंच नाव सांगतोय.

मी गेलो. तो मोपेडजवळ उभा होता. पुढच्या मोकळ्या जागेत पोत्यात गुंडाळलेला स्पिंडल आडवा बांधला होता. इतका जड दांडा दोन्ही गुडघ्यांत धरून त्यानं दहा-बारा किलोमीटर आणला होता. मधाळे वाळला होता आणि त्याची दाढी वाढली होती.

“दोनदा बेअरिंगं बदलली साहेब. समदं हेड खोललं. जॉब काढून बघितला तर निवल्यावर माप बरोबरच येतंय. मला तर काय बी घावंना. पर तुमच्या खोलीत पस्तीस आलाय म्हंजे खोट असणारच की. माझंच गेज बी चुकीचं असंल. आता हा एक स्पिंडल राह्यलाय. तेवढा तुमच्या डायलवर बघून द्या.”

“इतके दिवस मशीन बंद?”

“खोललेलंच हाय. दुसरं काय काम आलं तर घ्यायला बी जीव धजंना. परत चुकलं म्हंजे?”

मी त्याला आत घेतलं. दोघांनी मिळून स्पिंडल मापनाच्या खोलीतल्या टेबलावर चढवला. मी डायल लावला आणि हळूहळू स्पिंडल फिरवायला सुरुवात केली. वाकलेला असेल तर सुई मागंपुढं नाचते. सुई जागची हलेना. पूर्ण फेऱ्यात दोन मायक्रॉन, बस्स. नव्या कोऱ्या मशीनमध्येही मी इतका सरळ स्पिंडल क्वचितच पाहिला होता.

मधाळे टेबलाच्या पलीकडं उभा होता. डायलचं तोंड माझ्याकडं होतं. तो माझ्या चेहऱ्याकडं बघत होता.

सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. पण स्पिंडल चांगला आहे एवढं सांगून भागणार नव्हतं. बेअरिंग चांगलं, स्पिंडल चांगला, हात चांगला, तर मग खोट कशात होती, हे त्यानं पुढं विचारलं असतं. मी तीन फेरे फिरवले. चौथाही फिरवला.

“काय म्हणतंय?” त्यानं विचारलं.

“आहे,” मी म्हणालो. “थोडा बाक आहे.”

त्यानं मोठा श्वास सोडला, आणि हसला. त्या सगळ्या काळात मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

“बघा! मी सुलोचनाला तेच म्हणत हुतो. तिनं डोस्क्यात घेतलंय, त्यानं मुद्दाम केलं, आपल्यातलं पाणी प्याला न्हाई तवाच मी वळकलं म्हणती. मी म्हणलं, गप बस. दुसरा कोण असता तर मी बी तसंच म्हणलो असतो. पर आपला माणूस हाय. त्यो उगंच कशाला नापास करंल?”

मी डायल पेटीत ठेवत होतो.

“मग आता काय करणार?” मी विचारलं.

“आता मशीन भंगारात. पुन्ना नवं घेणं हुणार न्हाई. शिरोलीत एकाच्यात ऑपरेटरची जागा हाय, बोलावलंय. जीवाला घोर हुता, तो मिटला बघा. आपलंच चुकलं म्हणल्यावर माणूस गप बसतंय.”

आत आलेली वस्तू बाहेर न्यायची तर गेटपास लागतो. मी पॅड ओढलं. वस्तूचं वर्णन या रकान्यात लिहिलं: लेथचा स्पिंडल, एक नग. शेवटी शेरा असा रकाना होता. तो मोकळा सोडला असता तरी चाललं असतं. मधाळे माझ्या खांद्यावरून वाचत होता. मी लिहिलं, सदोष. खाली सही केली.

“साहेब,” तो म्हणाला, “ह्याची आणि एक कापी मिळंल काय? सुलोचनाला दावतो.”

मी खालची कार्बनची प्रत फाडून त्याला दिली.